ठाम मतापासून शासन निर्णयापर्यंत : राजकीय विचाराचे राबवता येण्याजोगे धोरण कसे करावे

पुण्यात ठाम राजकीय मत नसलेला माणूस शोधून काढणे अवघड आहे. कट्ट्यावर, व्याख्यानमालेत, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आणि पीएमपीच्या बसमध्येही मते ऐकू येतात. मात्र एखाद्या गटावर जाहीरनामा लिहिण्याची वेळ आली, किंवा एखाद्या नगरसेवकाने ‘तुम्हाला नेमके काय हवे ते कागदावर द्या’ असे सांगितले, की हीच मंडळी अडखळतात. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील नागरिकांच्या एका गटाबरोबर मी असा कागद तयार करायला बसलो होतो. तीन तासांच्या चर्चेनंतर हाती एक वाक्य आले : ‘शहराच्या वाहतुकीत पादचाऱ्याला सर्वोच्च प्राधान्य राहील.’ सर्वांनी समाधानाने चहा घेतला. त्या वाक्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या टेबलावरचा कोणता कर्मचारी काय वेगळे करणार होता, हे मात्र आमच्यापैकी एकालाही सांगता आले नसते.

त्या दिवसापासून मी एक कसोटी वापरत आलो आहे. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला आपला कागद वाचून काय करायचे ते कळले पाहिजे आणि खिडकीअलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तोच कागद दाखवून काय मागता येईल तेही कळले पाहिजे. पुढील सारे विवेचन या खिडकीपर्यंत कसे पोहोचायचे याविषयी आहे.

आधी मत तपासावे

पहिले काम म्हणजे आपले मत एका वाक्यात लिहून त्यातील विशेषणे खोडणे. सर्वसमावेशक, शाश्वत, लोकाभिमुख, सक्षम हे शब्द काढले की पुष्कळदा मागे ‘विकास झाला पाहिजे’ एवढेच उरते. जे उरेल त्याचे उलट वाक्य लिहून पाहावे. ‘पुणे स्वच्छ असावे’ याच्या विरुद्ध बोलणारा कोणी भेटणार नाही, तेव्हा ती सदिच्छा समजावी. ‘सार्वजनिक रस्त्यावर खासगी मोटार फुकट उभी करता येऊ नये’ या वाक्याच्या विरुद्ध बाजूला मात्र निम्मी सोसायटी उभी राहील. धोरणाचे काम तिथे सुरू होते, कारण तिथे कोणाला तरी काहीतरी सोडावे लागणार असते.

आमच्या वाक्यातील ‘प्राधान्य’ या शब्दाचा अर्थ विचारत गेल्यावर त्यातून तीन वेगळ्या मागण्या निघाल्या : पदपथावर वाहने उभी राहू नयेत, खोदलेला पदपथ ठरलेल्या मुदतीत पूर्ववत व्हावा, आणि चौक ओलांडताना ज्येष्ठ माणसाला पुरेल इतका वेळ सिग्नलने द्यावा. या तिन्ही मागण्यांची कार्यालये वेगळी आहेत, नियम वेगळे आहेत आणि विरोधकही वेगळे आहेत. म्हणून एका मतातून एकच धोरण निघेल अशी अपेक्षा न ठेवता, त्यातील कोणत्या मागणीपासून सुरुवात करायची हे आधी ठरवावे.

अधिकार कोणाचा, हे शोधावे

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राचे, राज्याचे आणि दोघांचे समाईक विषय दिलेले आहेत. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीची भर घातली आणि नागरी स्वराज्य संस्थांकडे देता येतील असे १८ विषय नोंदवले. ‘देता येतील’ हे शब्द लक्षपूर्वक वाचावेत. देणे न देणे राज्याच्या हाती आहे. महापालिकेपुरते पाहायचे तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तिची बंधनकारक कर्तव्ये आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये आहेत. आपली मागणी कलम ६३ मध्ये बसत असेल, तर ‘नवे काही मागत नाही, असलेले कर्तव्य कसे पार पाडायचे ते सुचवतो आहोत’ असे म्हणता येते आणि अर्धा वाद तिथेच मिटतो.

पुण्यातील कोणताही मोठा चौक घ्या. रस्ता आणि पदपथ महापालिकेचा असतो, पण नो पार्किंग किंवा एकेरी वाहतूक जाहीर करण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांचा असतो आणि पोलीस राज्याच्या गृह विभागाखाली येतात. थांब्यावरची बस पीएमपीएमएलची आणि डोक्यावरून जाणारी मेट्रो महामेट्रोची. ‘महापालिकेने या चौकाची शिस्त लावावी’ असे पत्र दिले, तर ते नाकारले जात नाही. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे पाठवले जाते. माझ्या मते हे नकारापेक्षा वाईट आहे, कारण नकाराविरुद्ध निदान दाद तरी मागता येते.

अधिकार कळला की साधन निवडायचे असते आणि इथे उतावळेपणा करणारे लोक थेट कायद्याची मागणी करतात. कायदा, कायद्याखालील नियम, शासन निर्णय, महापालिकेच्या मुख्य सभेचा ठराव, आयुक्तांचे परिपत्रक, एखादा करार यांपैकी जे सर्वांत लहान साधन पुरेल तेच घ्यावे. कचरावेचकांच्या बाबतीत पुण्यात हे फार चांगल्या रीतीने घडले. कचरा वेचणाऱ्या बाईचे काम हे कष्टाचे काम आहे आणि तिला कामगाराची प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, या मतावर १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे २००० साली घनकचऱ्याचे केंद्रीय नियम आले आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची जबाबदारी नगरपालिकांवर आली. ही जबाबदारी पार पाडायला माणसे हवी होती आणि पंचायतीकडे ती माणसे होती. त्यातून कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि तिचा महापालिकेशी २००८ मध्ये करार झाला. कचरावेचकाने दारापर्यंत यायचे आणि घराने दरमहा शुल्क द्यायचे, अशी व्यवस्था ठरली. ‘प्रतिष्ठा’ हा शब्द ओळखपत्र, ठरलेला मार्ग आणि ठरलेले शुल्क यांत उतरला, त्यासाठी विधिमंडळाची पायरी चढावी लागली नाही. करारालाही मुदत असते आणि नूतनीकरणाच्या वेळी तोच वाद पुन्हा उभा राहतो, हा या साधनाचा तोटा आहे. तो माहीत असूनच ते निवडावे.

हमी कशी लिहितात

माझ्या मते धोरण लिहिण्याचा सर्वांत उत्तम धडा महाराष्ट्राच्या रोजगार हमीत आहे आणि तो सावकाश वाचण्यासारखा आहे. ‘प्रत्येक हाताला काम मिळाले पाहिजे’ हे मत साऱ्याच पक्षांच्या भाषणांत होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ते राबवण्याच्या भाषेत आणले. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर प्रयोग झाला, १९७२ मध्ये योजना राज्यासाठी स्वीकारली गेली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

आता त्यातील कलाकुसर पाहा. पहिला प्रश्न होता, काम कोणाला द्यायचे? गरिबांना, असे उत्तर दिले असते तर गरीब कोण हे ठरवणारा दाखला आला असता, दाखल्यामागे तलाठी आला असता आणि तलाठ्यामागे चिरीमिरी आली असती. योजनेने दाखलाच काढून टाकला. ग्रामीण भागातील कोणीही प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीचे अकुशल काम करायला तयार असेल, तर तिला काम मिळेल. ‘मागेल त्याला काम’. उन्हात माती उपसण्याची तयारी हीच पात्रतेची परीक्षा झाली आणि ज्याला गरज नाही तो आपोआप बाहेर राहिला. दुसरा प्रश्न मुदतीचा. काम ‘लवकरात लवकर’ न म्हणता मागणीपासून १५ दिवसांत द्यायचे ठरले. तिसरा प्रश्न, न दिल्यास काय? बेकारी भत्ता. भत्त्याची रक्कम तुटपुंजी होती, पण तिच्यामुळे शासनाने काम दिले नाही ही गोष्ट शासनाच्याच हिशेबात नोंदली जाण्याची सोय झाली.

चौथा प्रश्न पैशाचा होता आणि तिथे खरे राजकीय धैर्य दिसते. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला, त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखले गेले आणि तेवढीच रक्कम राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची असे ठरले. पुण्यातील नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, वर्षाला २,५०० रुपये. त्या कपातीमागे शहराने दुष्काळी खेड्याला द्यायचा वाटा, ही कल्पना होती, हे त्यातील किती जणांना ठाऊक असेल याची मला शंकाच आहे. मजुरी उशिरा मिळणे, खोट्या हजेऱ्या, अर्धवट सोडलेली कामे हे दोष योजनेत होतेच. तरीही २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हाताशी महाराष्ट्राचा तीन दशकांचा अनुभव होता.

आपल्या मताला हेच चार प्रश्न विचारावेत : कोणाला, किती दिवसांत, न मिळाल्यास काय, आणि पैसा कोणत्या खिशातून. चारही उत्तरे एका पानावर मावत नसतील, तर मत अजून कच्चे आहे.

तडजोड कोठे करावी

शिक्षणाच्या बाबतीत हा प्रवास पुण्यातूनच सुरू झालेला दिसतो. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगाला जे निवेदन दिले, त्यात निदान १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी तर होतीच. पण शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत आणि त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, इतक्या तपशिलात ते शिरले होते. समतेवरचा विश्वास शिक्षकाच्या पगाराच्या आकड्यापर्यंत कसा न्यावा, हे त्या निवेदनातून शिकावे.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी सक्ती फार अरुंद करून घेतली. ती लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचे, तेही जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत तिथे आणि सरकारच्या मंजुरीने. सुरुवात ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपासून. आणि महिना १० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ. इतके करूनही १९१२ च्या मार्चमध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांच्या मवाळपणावर बोट ठेवणारे आजही भेटतात. मला मात्र त्यांची तडजोड नीट विचार केलेली वाटते, कारण त्यांनी व्याप्ती, वेग आणि सुरुवातीची जागा यांवर पाणी सोडले, पण सक्ती हा गाभा सोडला नाही. मुलींना पहिल्या टप्प्यातून वगळणे मात्र, भिडे वाड्याच्या गावातून गेलेल्या नेत्याच्या हातून, खटकते.

त्यांच्या पाठीशी एक यशस्वी उदाहरण होते. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, तो सबंध बडोदा संस्थानात नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा करून मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. देशाला मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली.

प्रयोग करायचाच असेल, तर तो अमरेलीसारखा, पुढे वाढवण्याच्या इराद्याने करावा. पुण्यात २००६ च्या डिसेंबरमध्ये कात्रज ते स्वारगेट ते हडपसर या मार्गावर बीआरटी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. बसला स्वतंत्र मार्गिका देणे म्हणजे रस्ता मोटारींच्या संख्येने न वाटता माणसांच्या संख्येने वाटणे. मत म्हणून ते निःसंशय योग्य आहे. परंतु प्रयोग यशस्वी झाला असे कोणत्या आकड्यावरून म्हणायचे, हे आधी ठरवून लोकांना सांगितलेले नसले की प्रत्येक अपघात आणि प्रत्येक कोंडी त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते आणि वेगाने धावलेली बस कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. म्हणून प्रयोगाच्या ठरावातच तो किती महिने चालेल, काय मोजले जाईल, कोण मोजेल आणि कोणत्या निकालानंतर काय केले जाईल हे लिहून घ्यावे.

कोणाचे नुकसान होणार, हे स्वतःच लिहावे

हा भाग बहुतेक जण टाळतात. रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावणारे धोरण पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये मंजूर केले, पण विरोध इतका झाला की मंजुरी देतानाच ते मोजक्या रस्त्यांपुरते मर्यादित करण्यात आले आणि पुढची कितीतरी वर्षे ते कागदावरच राहिले. ज्याच्या खिशातून पैसे जाणार होते त्याला ते आजच दिसत होते आणि ज्याला मोकळा रस्ता मिळणार होता त्याला तो कधी मिळेल हे कोणीच सांगत नव्हते. अशा वेळी शुल्काची रक्कम त्याच रस्त्याच्या पदपथासाठी वापरली जाईल, तिचा हिशेब त्याच भागात लावला जाईल, आणि रहिवाशांना अमुक सवलत मिळेल, अशी देवाणघेवाण मसुद्यातच असावी लागते. दुकानदार, रिक्षाचालक, पथारीवाले, सोसायट्या यांची यादी करून प्रत्येकाचा आक्षेप आपण त्याच्याहून चांगल्या शब्दांत लिहू शकलो, तरच सभेत उभे राहावे.

पैसा आणि शब्द

पैशाविषयी थोडक्यात. लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाची स्वतंत्र नोंद, मिळेपर्यंत मंजुरीच्या बातमीला भुलू नये. महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीला देतात आणि तिच्याकडून ते मुख्य सभेपुढे जाते, तेव्हा मार्चमध्ये जागे होऊन उपयोग नसतो. प्रभागातील लहान कामे सुचवण्यासाठी २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक ही सोय आहे आणि तिचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. बांधकामाचा खर्च आणि देखभालीचा खर्च वेगळा मागावा. पदपथ बांधायला उत्साह असतो, फरशी निखळल्यावर तो नसतो. शिवाय पुण्याचा खास शब्द ‘वर्गीकरण’ विसरू नये : एका कामासाठी ठेवलेली रक्कम वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या कामाकडे वळवली जाते, आणि पादचाऱ्याची रक्कम वळवायला सर्वांत सोपी असते.

मसुदा लिहिताना ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘यथावकाश’ आणि ‘प्रयत्न करण्यात येतील’ या चार शब्दप्रयोगांवर लाल रेघ ओढावी. मराठी प्रशासकीय भाषेतील कर्मणी प्रयोगही संशयाने पाहावा, कारण ‘कारवाई करण्यात येईल’ या वाक्यात कारवाई करणारा माणूस अदृश्य होतो. आमचे चहावर साजरे झालेले वाक्य, खोदाईच्या मागणीपुरते, शेवटी असे झाले : ‘पदपथ खोदण्याची परवानगी देणारा अभियंता परवानगीपत्रातच पदपथ पूर्ववत करण्याची तारीख नमूद करील; ती तारीख व ठेकेदाराचे नाव जागेवरील फलकावर असेल; तारीख उलटल्यापासून सात दिवसांत काम न झाल्यास क्षेत्रीय कार्यालय ठेकेदाराच्या अनामत रकमेतून ते करून घेईल आणि अशा कामांची यादी दरमहा १० तारखेला कार्यालयाच्या फलकावर लावील.’ वाक्य लांब आणि रुक्ष आहे, टाळ्यांचे नाही. पण खिडकीच्या दोन्ही बाजूंना त्याचा अर्थ एकच लागतो.

मुदतीला दात हवे असतील, तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाचा आधार घेता येईल. ‘अधिकारी उत्तरदायी असावेत’ हे मत त्या कायद्याने अधिसूचित सेवा, प्रत्येक सेवेचा कालावधी, कार्यालयातील दोन अपिले, आयोगाकडे तिसरे अपील आणि कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती अशा पायऱ्यांत मांडले आहे. आपण मागत असलेली गोष्ट अधिसूचित सेवा म्हणून घालता येते का, हे संबंधित विभागाला लेखी विचारावे. दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद करून जो आनंदोत्सव होतो तो मलाही आवडतो, पण १२ डिसेंबरला तिथे कोणावर काय बंधन आहे, हे विचारायला तो दिवस अधिक बरा.

ठराव मंजूर झाला किंवा शासन निर्णय निघाला, की त्याची प्रत क्रमांक आणि दिनांकासह मिळवावी. राज्याचे शासन निर्णय सांकेतांकासह शासनाच्या संकेतस्थळावर असतात. मग साधारण महिन्याभराने, कोणालाही आगाऊ न सांगता, आपल्याच भागातील क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीपाशी सामान्य अर्जदार म्हणून जावे आणि त्या निर्णयात लिहिलेली गोष्ट मागावी. ‘आमच्याकडे अजून काही आलेले नाही’ हे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच आहे. त्या वेळी वाद न घालता प्रत पुढे करावी, अर्जावर तारखेसह पोच घ्यावी आणि त्याच आठवड्यात, निर्णय सर्व क्षेत्रीय कार्यालयांना परिपत्रकाने कळवावा असे पत्र आयुक्तांच्या नावे आवक विभागात द्यावे.